घराभोवतीचा वुडलाऊस कसा ओळखायचा? नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुंडी सरकवली, सांदवाडीतली वीट उचलली किंवा कूलरचा स्टँड हलवला की खालून काही राखाडी जीव सैरावैरा पळतात. लांबी जेमतेम एक सेंटीमीटर, पाठीवर आडव्या पट्ट्या, पुढे दोन मिशा. हे वुडलाऊस. त्यांची नेमकी प्रजाती कशी ठरवायची आणि नाव देताना कुठं थांबायचं, याबद्दल नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सूक्ष्मदर्शक नसला तरी चालेल. दहापट मोठं दाखवणारं भिंग किंवा मोबाइलला लावायची मॅक्रो लेन्स मात्र हवी.

हा कीटकच ना?

नाही. बोलताना किडा म्हणा, कुणी अडवणार नाही, पण कीटकांना पायांच्या तीन जोड्या असतात आणि याला सात. वुडलाऊस हा कवचधारी प्राणी आहे, म्हणजे खेकडा आणि झिंग्यांच्या गोतावळ्यातला. त्याचे पूर्वज पाण्यातले होते. जमिनीवर येऊन कोट्यवधी वर्षं झाली, तरी त्याचा श्वास अजून पोटाखालच्या पातळ पाळ्यांमधूनच चालतो आणि त्या ओलसर राहाव्या लागतात. कीटकांच्या अंगावर पाणी धरून ठेवणारा मेणाचा थर असतो, तसा याच्या कवचावर नाही. त्यामुळे कोरड्या हवेत तो झपाट्याने सुकतो. ओल शोधणं, रात्री फिरणं आणि घोळक्याने एकमेकांना चिकटून बसणं या त्याच्या सगळ्या सवयी त्यातून आल्या आहेत.

त्याचं पूर्ण वर्गीकरण काय?

संघ संधिपाद, उपसंघ कवचधारी, वर्ग मॅलॅकोस्ट्राका, गण आयसोपोडा, उपगण ऑनिस्किडिया. खेकडे आणि झिंगे याच मॅलॅकोस्ट्राका वर्गातले, पण त्यांचा गण वेगळा, दशपाद. आयसोपोडा गणातले बरेच प्राणी समुद्रात किंवा गोड्या पाण्यात राहतात. जमिनीवर पूर्णपणे स्थिरावलेला उपगण म्हणजे ऑनिस्किडिया, आणि त्यात साडेतीन हजारांहून जास्त प्रजातींची वर्णनं झाली आहेत. कोकणात समुद्रकाठच्या खडकांवर झुरळासारखे वेगाने पळणारे लिजिया वंशाचे प्राणी दिसतात, तेही याच उपगणातले. नागपूरकरांना ते बघायला बराच प्रवास करावा लागेल.

उपगणाच्या खाली कुळ येतं आणि खरी ओळख तिथूनच सुरू होते.

नागपुरात ते कुठे आणि कधी सापडतात?

पावसाळा लागला की सगळीकडे. मृगाचे पहिले दोन-तीन पाऊस पडून गेल्यावर भिंतीच्या कडेला, न्हाणीच्या पाइपाजवळ, जुन्या कवेलूंच्या ढिगाखाली, शेणखताच्या पोत्याखाली आणि कंपोस्टच्या खड्ड्यात शोधा. सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत ते सहज दिसतात. हिवाळ्यात कमी दिसले तरी कुंड्यांखाली असतातच.

खरा प्रश्न उन्हाळ्याचा. पारा पंचेचाळीसच्या वर गेलेला, काळ्या मातीला हात-हात भेगा, आणि उघड्या अंगणात ओलीचा टिपूस नाही. अशा दिवसांत वुडलाऊस भेगांतून आणि दगडांच्या सांदीतून खोल उतरतात, नाहीतर माणसाने तयार केलेल्या ओलीचा आसरा घेतात. आपल्याकडे ही ओल पुरवतो कूलर. टाकीतून ठिबकणारं पाणी, ताट्यांमधून गळून खाली साचलेला वाळ्याचा किंवा लाकडाच्या किसाचा कचरा, त्यावर स्टँडची सावली: मे महिन्यात शहरातल्या वुडलाऊसला याहून चांगली जागा मिळणार नाही. उन्हाळ्यात निरीक्षण करायचं असेल तर रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन कूलरच्या मागे जा. आधी कूलरचा प्लग काढा, ओल्या जमिनीवर उभं राहायचं आहे.

सेमिनरी हिल्स किंवा अंबाझरीकडच्या झाडीत, पालापाचोळ्याखाली दिसणारे वुडलाऊस घरच्यांपेक्षा वेगळे असू शकतात. त्यांना घरच्या प्रजातीचं नाव चिकटवण्याची घाई करू नका.

घराजवळ सापडलेल्याची तपासणी कोणत्या प्रजातीपासून सुरू करावी?

पोर्सेलिओनाइड्स प्रुइनोसस. कुळ पोर्सेलिओनिडी. मूळ भूमध्य समुद्राच्या परिसरातली मानली जाणारी ही प्रजाती माणसाच्या मागोमाग, बहुधा रोपं, माती, खत आणि जनावरांच्या चाऱ्याबरोबर, जगभर पसरली आहे. भारतातही तिची नोंद आहे. युरोपातल्या थंड भागात ती गोठ्यांत आणि शेणाच्या ढिगांत सापडते, कारण कुजणाऱ्या शेणाची ऊब तिला तिथे लागते. आपल्याकडे उबेची ददात नाही. इतर अनेक वुडलाऊसांपेक्षा ती उष्णता आणि कोरडेपणा जास्त सोसते, म्हणून गरम प्रदेशातल्या घरांभोवती, उकिरड्यावर आणि गांडूळखताच्या टाक्यांत आधी तिचाच विचार करावा.

इथे अट एकच. ‘आधी विचार करावा’ याचा अर्थ ‘न पाहता हेच नाव लिहावं’ असा नाही.

तिच्या खुणा कोणत्या?

चार खुणा आहेत आणि प्रजातीचं नाव लिहायचं तर चारही जुळल्या पाहिजेत.

पहिली खूण भुकटी. जिवंत, धडधाकट प्राण्याच्या पाठीवर द्राक्षावर असते तशी निळसर-करडी भुकटी दिसते. तिच्याखाली अंगाचा मूळ रंग तपकिरी किंवा जांभळट असतो.

दुसरी खूण बाह्यरेषा. वरून बघितलं की छातीचे सात रुंद खंड दिसतात आणि त्यामागे शेपटाकडचा भाग एकदम अरुंद होतो, जणू तिथे पायरी आहे. पोर्सेलिओ वंशातल्या भाऊबंदांमध्ये ही कड पायरी न घेता सलग उतरते. नवशिक्यांनी सर्वात आधी हीच खूण बघायला शिकावं, कारण ती साध्या फोटोतही कळते.

तिसरी खूण मिशी. तिचं टोकाकडचं बारीक अंग दोनच तुकड्यांचं असतं. शिवाय मिशीच्या सांध्यांवर फिकट, पांढुरकी वळी दिसतात.

चौथी खूण पोटाखाली. शेपटाच्या भागात पांढऱ्या ठिपक्यांच्या दोन जोड्या. त्यांच्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

यात वागणुकीची भर घाला. हा प्राणी गोळी होत नाही, पळतो, आणि चांगलाच वेगाने पळतो. पाय लांबट आणि फिकट. पूर्ण वाढलेल्याची लांबी साधारण बारा मिलीमीटरपर्यंत. दगड उचलल्यावर सगळे जागीच बसून राहिले तर तिथेच शंका घ्या.

मिशीचे तुकडे मोजायचे कसे? मला ती सगळी सारखीच दिसते.

बहुतेकांचं इथेच अडतं. डोक्यापासून सुरुवात करून मोजत गेलात तर हमखास गोंधळ होतो. उलटं करा. टोकापासून मागे या. मिशीला एक ठळक कोपर दिसतं आणि त्यापुढे एक लांब, जाड तुकडा. त्या जाड तुकड्याच्या पुढे जे एकदम बारीक होतं ते टोकाचं अंग. फक्त त्याचेच तुकडे मोजायचे.

दोन निघाले तर पोर्सेलिओनिडी आणि गोळी होणाऱ्यांची कुळं या बाजूला राहा. तीन निघाले तर फिलोसिडी किंवा ऑनिस्किडी कुळाकडे वळा. तुकडे वेगळे कळतच नाहीत, टोक नुसतं निमुळतं होत गेलेलं आहे आणि प्राणी चार-पाच मिलीमीटरचाच आहे, तर तो ट्रायकोनिस्किडीसारख्या लहान वुडलाऊसांपैकी असू शकतो. ते भिंगाने ओळखण्याचे नाहीत.

मिशांची दुसरी जोडीही असते, पण ती इतकी खुरटलेली असते की भिंगातूनही दिसत नाही. न दिसल्याने काही बिघडत नाही.

पोटाखालचे पांढरे ठिपके म्हणजे काय?

फुप्फुसं. शेपटाखालच्या पाळ्यांच्या आत बारीक फांद्यांसारख्या हवेच्या नळ्या असतात आणि त्यांत हवा भरलेली असल्यामुळे तो भाग पांढरा दिसतो. जिवंत प्राण्यात ते स्वच्छ दिसतात, मेल्यावर किंवा अल्कोहोलमध्ये टाकल्यावर पुसट होतात. म्हणून ही तपासणी प्राणी जिवंत असतानाच करायची.

पोर्सेलिओ आणि पोर्सेलिओनाइड्स वंशांत अशा दोन जोड्या असतात. ट्रॅकेलिपस वंशात पाच. युरोपातल्या ऑनिस्कस असेलसमध्ये एकही नाही. फिलोसिडी कुळातल्यांमध्येही असे पांढरे ठिपके दिसत नाहीत. हे महत्त्वाचं, कारण पालापाचोळ्यातल्या त्या कुळाच्या अंगालाही पायरी असते आणि नुसत्या बाह्यरेषेवर विसंबणारे नेमके तिथे फसतात. पायरी आहे पण टोकाचं अंग तीन तुकड्यांचं, पाठ चकचकीत आणि ठिपकेदार, भुकटीचा पत्ता नाही, पोटाखाली पांढरं काही नाही: असा प्राणी पोर्सेलिओनाइड्स नव्हे.

उलटा कसा करायचा? स्वच्छ प्लास्टिकच्या डबीत ठेवा आणि डबी डोक्यावर धरून खालून बघा. चिमट्यात धरून पाठीवर पाडण्यात पाय तुटतात आणि भुकटीही जाते.

पांढरे ठिपके पुढच्या भागात, छातीखाली दिसले. तीही फुप्फुसंच का?

नाही, तो चुना आहे. कात टाकण्याआधी वुडलाऊस जुन्या कवचातलं कॅल्शियम काढून घेतो आणि छातीच्या पुढच्या खंडांखाली पांढऱ्या चकत्यांच्या रूपात साठवतो. नवं कवच घट्ट करायला तोच साठा वापरला जातो. फुप्फुसं नेहमी शेपटाखाली असतात, चुना छातीखाली. एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

मला अर्धा गडद, अर्धा फिकट असा मिळाला. वेगळी प्रजाती आहे का?

कात टाकणं अर्ध्यावर आलेलं आहे. वुडलाऊस कात एकदम टाकत नाही. आधी मागचा अर्धा भाग, मग काही दिवसांनी पुढचा. मधल्या काळात शेपटाकडचा भाग वेगळ्याच रंगाचा आणि किंचित रुंद दिसतो. अशा वेळी त्याच्या भुकटीवरून किंवा रंगावरून काहीही ठरवू नका, आणि हाताळूही नका. कवच मऊ असतं.

माझ्याकडच्यावर भुकटी नाही, तपकिरीच दिसतो. मग ती प्रजाती बाद?

नाही. भुकटी घासून जाते. मातीत घुसून, दगडाखाली सरपटून किंवा तुमच्या बोटांनी. अल्कोहोलमधल्या नमुन्यावर तर तिचा मागमूस राहत नाही. भुकटी असणं हा पुरावा आहे, नसणं हा पुरावा नाही. उरलेल्या तीन खुणा तपासा. प्राणी उचलायचाच असेल तर जलरंगाचा मऊ ब्रश वापरा.

निळाजांभळा, चमकणारा वुडलाऊस दिसला. भुकटीवालाच असेल ना?

फरक नीट बघा. भुकटीचा निळेपणा राखाडी आणि मळकट असतो, उजेडात चमकत नाही. पूर्ण प्राणी, पोटाकडूनसुद्धा, गडद निळा किंवा जांभळा झाला असेल आणि उजेडात झळाळत असेल, तर ते इरिडोव्हायरस या विषाणूचं लक्षण आहे. पेशींमध्ये विषाणूचे कण इतक्या शिस्तीत रचले जातात की त्यांच्यावरून परावर्तित होणारा प्रकाश निळा दिसतो. असा प्राणी फार काळ जगत नाही. माणसाला त्याच्यापासून धोका नाही. हा आजार वेगवेगळ्या प्रजातींत होतो, त्यामुळे रंगावरून प्रजाती ठरत नाही. फोटो मात्र जरूर काढा.

हात लावला की गोळी होतो. तो कोणता?

मग तो पोर्सेलिओनाइड्स नाही एवढं नक्की. गोळी होणाऱ्यांना बरेच जण पिलबग म्हणतात. त्यांची दोन कुळं नावाला इतकी जवळ आहेत की लिहिताना चुका होतात: आर्माडिलिडी आणि आर्माडिलिडिडी.

दुसऱ्या कुळातला आर्माडिलिडियम वल्गेर हा इंग्रजी पुस्तकांतला आणि इंटरनेटवरचा प्रसिद्ध पिलबग. गोळी होणारा काहीही दिसला की लोक त्याचंच नाव लिहून मोकळे होतात. उष्ण कटिबंधात मात्र पहिल्या कुळातला क्युबारिस म्युरिना हा प्राणी दूरवर पसरलेला आहे, आणि आपल्याकडे गोळी दिसली की त्याचा विचार आधी करायला हवा.

फरक शेपटात आहे. अगदी मागचा तुकडा बघा. आर्माडिलिडियममध्ये तो त्रिकोणी, टोकाला बोथट असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंची फट शेपटाच्या उपांगाची बाहेरची फांदी भरून काढते. क्युबारिसमध्ये मागचा तुकडा मधे चिमटलेला, डमरूसारखा, आणि फट भरते ती उपांगाच्या बुडाची रुंद चकती. बाहेरची फांदी अगदी इवलीशी, शोधावी लागते. गोळी सुटून प्राणी चालू लागेपर्यंत वाट पाहा आणि मगच मागून फोटो घ्या. बंद गोळीच्या फोटोवरून कुळसुद्धा सांगता येत नाही, असा फोटो पाठवून प्रजातीचं नाव विचारू नये.

पोर्सेलिओ लेविस आणि पोर्सेलिओ स्केबर यांच्याशी घोटाळा होतो. सोपा उपाय?

स्केबरची पाठ खडबडीत, दाणेदार असते. भिंगाखाली ते लगेच कळतं. लेविसची पाठ गुळगुळीत, अंग मोठं, वीस मिलीमीटरच्या आसपास जाणारं, आणि नराच्या शेपटाची दोन टोकं लक्षात येण्याइतकी लांब. दोघांच्याही अंगाला पायरी नाही. टोकाचं अंग दोघांतही दोन तुकड्यांचं आणि फुप्फुसांच्या जोड्याही दोन, त्यामुळे त्या दोन खुणांचा इथे उपयोग नाही. लेविसही माणसाबरोबर जगभर पसरलेली आहे, म्हणून मोठा, गुळगुळीत आणि पायरी नसलेला प्राणी दिसला तर ती शक्यता धरा.

पिल्लाला सहाच जोड्या पाय मोजले. चूक झाली का?

मोजणी बरोबर आहे. मादी अंडी बाहेर घालत नाही, छातीखालच्या पाणीदार पिशवीत सांभाळते. त्या पिशवीतून बाहेर पडणाऱ्या पिल्लांना पायांच्या सहाच जोड्या असतात, सातवी पुढे कात टाकताना येते. अशा पिल्लांना प्रजातीचं नाव देऊ नका. शेजारी मोठे असतील तर त्यांना तपासा.

आणखी कोणकोणते जीव वुडलाऊस म्हणून खपतात?

सर्वात जास्त वाणी, ज्याला कुठे पैसाही म्हणतात. पावसाळ्यात शेतात आणि अंगणात भरपूर असतो. स्पर्श झाला की तो गुंडाळी करतो, गोळी नाही, आणि त्याच्या बहुतेक खंडांवर पायांच्या दोन-दोन जोड्या असतात. एकूण पाय मोजायच्या फंदात पडायची गरजच नाही, चौदापेक्षा कितीतरी जास्त आहेत हे नुसत्या नजरेला कळतं.

दुसरी फसवणूक झुरळांच्या पिल्लांची. कुंडीतल्या आणि कंपोस्टमधल्या मातीत सुरिनाम झुरळाची बिनपंखी पिल्लं असतात. अंगाचा पुढचा भाग चकचकीत, मागचा मळकट, आणि आडव्या पट्ट्या अगदी वुडलाऊससारख्या. पण पाय सहा.

तिसरी, काजव्याची अळी. चपटी, खंडाखंडांची, पावसाळ्यात ओल्या कडेला हळूहळू चालणारी. हिलाही सहाच पाय, तेही पुढच्या बाजूला. रात्री शेपटाकडे मंद उजेड दिसला तर प्रश्नच मिटला.

थोडक्यात, संशय आला की पाय मोजा, रंग बघत बसू नका.

अ‍ॅपवर फोटो टाकला की प्रत्येक वेळी वेगळं नाव येतं. विश्वास ठेवायचा का?

आयनॅचरलिस्टसारखी अ‍ॅप सुरुवातीला उपयोगी पडतात. पण त्यांचा अंदाज आधी पाहिलेल्या फोटोंवर चालतो, आणि वुडलाऊसचे बहुसंख्य फोटो युरोप-अमेरिकेतले आहेत. साहजिकच सुचवण्यात तिकडची नावं वर येतात. अ‍ॅपने दिलेलं नाव ही तपासायची शक्यता समजा. चारही खुणा दिसत असतील तर प्रजाती लिहा. पायरी, दोन तुकड्यांची मिशी आणि फुप्फुसं दिसली पण बाकी शंका असेल तर ‘पोर्सेलिओनाइड्स’ एवढंच लिहून थांबा, कारण त्या वंशात इतरही प्रजाती आहेत. नुसती पाठ दिसत असेल तर ‘ऑनिस्किडिया’. वरच्या पातळीवर थांबलेली नोंद कामाची असते. चुकीच्या प्रजातीची नोंद नंतर कुणीतरी निस्तरत बसतं.

फोटो कसे काढावेत?

पाच लागतात: सरळ वरून, डोकं आणि मिशा, शेपूट मागून, पोट खालून, आणि जागेचा एक. पाठीचे दहा सुंदर फोटो काढण्यापेक्षा पोटाचा एक धूसर फोटो जास्त उपयोगी. मापासाठी शेजारी मिलीमीटरची पट्टी ठेवा. रुपयाचं नाणं नको, ती वेगवेगळ्या मापांची फिरताहेत. प्राणी थांबत नसेल तर डबीत ओल्या कागदाचा तुकडा टाका, त्याखाली जाऊन बसेल. फ्लॅश टाळा, भुकटी पांढरी फटक येते.

जुन्या पुस्तकात मेटोपोनॉर्थस प्रुइनोसस असं नाव आहे. तीच का?

तीच. ब्रांट यांनी १८३३ मध्ये या प्रजातीचं वर्णन केलं तेव्हा तिला पोर्सेलिओ वंशात ठेवलं होतं. पुढे ती वेगळ्या वंशात गेली आणि बराच काळ मेटोपोनॉर्थस हे वंशनाम चाललं. ते १८७९ मधलं. पोर्सेलिओनाइड्स हे नाव मायर्स यांनी त्याआधी, १८७७ मध्ये दिलेलं होतं, म्हणून आता तेच धरतात. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात वॉल्टर कॉलिंज यांनी भारतातल्या वुडलाऊसवर लेखमाला लिहिली. त्या काळचं लिखाण चाळायचं असेल तर शोधताना जुनं वंशनामही टाकून बघा.

ब्रांट आणि १८३३ कधी कंसात असतात, कधी नसतात. छपाईची चूक?

चूक नाही, नियम आहे. प्राण्यांच्या नावांत, मूळ वर्णनानंतर प्रजाती दुसऱ्या वंशात हलवली गेली असेल तर पहिल्या लेखकाचं नाव आणि साल कंसात जातं. म्हणून पोर्सेलिओनाइड्स प्रुइनोसस (ब्रांट, १८३३), पण क्युबारिस म्युरिना ब्रांट, १८३३. दोन्ही एकाच लेखकाच्या, एकाच सालच्या. एक हलली, दुसरी आहे तिथेच राहिली. तसंच आर्माडिलिडियम वल्गेर (लात्रेय, १८०४) आणि पोर्सेलिओ स्केबर लात्रेय, १८०४. वही ठेवत असाल तर कंस जसाच्या तसा उतरवा.

नर-मादी कसे ओळखायचे? त्याची गरज आहे का?

घरगुती ओळखीसाठी नाही. पण दोन जवळच्या प्रजातींत पक्का निवाडा हवा असेल तर तज्ज्ञ नर मागतात, कारण शेपटाखालच्या पहिल्या दोन जोड्यांच्या पाळ्या नरात लांब, टोकदार झालेल्या असतात आणि त्यांचा आकार प्रजातीगणिक बदलतो. मादी पिशवीत अंडी असतील तेव्हा सहज कळते, छातीखाली पिवळसर फुगवटा दिसतो.

ढिगात माद्याच माद्या सापडल्या तर चक्रावू नका. वोल्बाकिया नावाचे जिवाणू काही वुडलाऊसांच्या पेशींत राहतात आणि जन्मजात नर असलेल्या पिल्लांना मादी बनवतात. आर्माडिलिडियम वल्गेरमध्ये यावर भरपूर अभ्यास झाला आहे, आणि पोर्सेलिओनाइड्स प्रुइनोससमध्येही असे जिवाणू सापडले आहेत. जिवाणू आईकडून अंड्यातून पुढे जातो, त्यामुळे नर त्याच्या काही कामाचे नसतात. माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वात अचाट गोष्ट हीच आहे, आणि ती आपल्या कुंडीखाली चाललेली असू शकते.

चावतात का? घरातलं लाकूड पोखरतील का?

चावत नाहीत, डसत नाहीत. वाळवीसारखं चांगलं लाकूडही पोखरत नाहीत. कुजून मऊ झालेलं लाकूड खातात. दाराच्या चौकटीखाली सारखे दिसत असतील तर चौकट ओली का राहते ते बघा. गळणारा नळ दुरुस्त करा, वुडलाऊस आपोआप जातील.

कुंडीतली रोपं खातात का? मारून टाकू का?

मुख्य खाणं कुजलेली पानं, शेण, बुरशी आणि स्वतःची विष्ठासुद्धा. पालापाचोळ्याचे बारीक तुकडे होऊन खत लवकर तयार होतं ते त्यांच्यासारख्यांमुळे. कधीमधी कोवळा कोंब किंवा मातीला टेकलेलं मऊ फळ कुरतडतात. अर्जेंटिनात नांगरट न करता घेतलेल्या सोयाबीनमध्ये आर्माडिलिडियम वल्गेरने रोपांचं नुकसान केल्याच्या नोंदी आहेत, कारण तिथे शेतात पिकाच्या अवशेषांची गादी कायम राहते. विदर्भातल्या शेतकऱ्याने मात्र उगवणारं सोयाबीन किंवा कपाशी कुरतडलेली दिसली तर आधी वाणी शोधावा.

गच्चीवरच्या बागेत औषध फवारण्याची गरज नाही. नुकत्याच उगवलेल्या रोपांभोवतीचा पालापाचोळा दोन बोटं मागे सरकवा आणि पाणी संध्याकाळऐवजी सकाळी घाला. रात्री मातीचा वरचा थर कोरडा राहिला की ते दुसरीकडे जातात.

ऑनलाइन विकत मिळणारे ‘पावडर ब्लू’ वुडलाऊस कोणते?

हीच प्रजाती, पोर्सेलिओनाइड्स प्रुइनोसस. ‘पावडर ऑरेंज’ हा तिचाच निवडून वाढवलेला रंग. काळे-पांढरे ‘डेअरी काऊ’ म्हणजे पोर्सेलिओ लेविस. सांदवाडीत फुकट मिळणाऱ्या प्राण्याला पैसे मोजायचे की नाही ते तुम्ही ठरवा. विकत घेतलेले मात्र बाहेर सोडू नका. डबीबरोबर परक्या प्रजातींची पिल्लं, माइट आणि विषाणूही येतात, आणि नंतर त्या परिसरातल्या कुठल्याही नोंदीवर भरवसा ठेवता येत नाही.

नमुना जपून ठेवायचा असेल तर?

एक-दोन पुरेत, जमल्यास त्यात एक नर. सत्तर टक्के अल्कोहोल असलेल्या घट्ट झाकणाच्या छोट्या बाटलीत ठेवा. डीएनए तपासणीचा विचार असेल तर पंचाण्णव टक्के. जेल सॅनिटायझर चालत नाही. जिवंतपणीचा रंग, भुकटी आणि फुप्फुसांच्या जोड्या आधी वहीत टिपून घ्या, बाटलीत त्या राहणार नाहीत. गोरेवाडा किंवा वनविभागाच्या ताब्यातल्या कुठल्याही जागेतून परवानगीशिवाय काहीही उचलू नका, तिथे फक्त फोटो. लेबलवर जागा, तारीख, कशाखाली सापडला आणि कुणी उचलला हे चारही लिहा आणि लेबल बाटलीच्या आत टाका, बाहेर चिकटवलेलं गळून पडतं. लिहायला पेन्सिल घ्या. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.